अंगारा लावा, पण रात्रीची झोप कुठे गेली तेही विचारा

विट्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा:

"धाकटा भाऊ २३ वर्षांचा. आयटीआय करून एमआयडीसीत कामाला होता. घरात दत्ताची भक्ती पहिल्यापासूनच. पण दीड महिना झाला, हा रात्र रात्र पोथी घेऊन बसतो, झोपत नाही. दत्तमहाराज माझ्याशी बोलतात, त्यांनी मला काम सांगितलंय, म्हणतो. पगार वाटून टाकला, नोकरी सोडली. आई म्हणते औदुंबरला सेवेला बसवू. मामांनी देवऋषीकडे नेलं, त्याने बाहेरचं आहे म्हणून ११ हजार घेतले. आमचे मिस्टर म्हणतात मानसोपचारवाल्याला दाखवा. आईला भीती वाटते की डॉक्टर लोक देव मानत नाहीत, गोळ्या देऊन त्याची भक्ती घालवतील. भक्ती हा आजार असतो का? आणि आधी कुणाकडे जायचं?"

ताई, मी सांगलीत पंचवीस वर्षं मानसोपचार करतोय. तुमचा प्रश्न माझ्यासमोर आठवड्यातून एकदा तरी येऊन बसतो. दत्ताच्या जागी कधी काळूबाई असते, कधी आरेवाडीचा बिरोबा, कधी मिरजेचे मीरासाहेब, कधी येशू. बाकी सगळं तेच: आई एकीकडे, जावई दुसरीकडे, मामा पैसे देऊन मोकळे, आणि ज्याच्यावरून हे चाललंय तो पोरगा मधल्या खोलीत जागा.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या खाली तिसरा आहे आणि तो आईंचा आहे. डॉक्टरकडे नेलं तर आपण देवावर अविश्वास दाखवला असं होईल का, उद्या काही वाईट झालं तर ते त्यामुळेच झालं असं वाटेल का, हा. तो सुटल्याशिवाय गोळीची पट्टी घरी जाऊनही फुटत नाही, हे मी बघितलंय.

आधी एक कबूल करतो. भावाला न बघता त्याला काय झालंय हे मी सांगणार नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून उन्मादाचा, म्हणजे मॅनियाचा (मन भरधाव सुटतं, झोपेची गरजच वाटेनाशी होते तो आजार), संशय पहिल्यांदा येतो. पण स्किझोफ्रेनियाची, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या आजाराची, सुरुवातही या वयात अशीच दिसू शकते. गांजा हेही कारण असतं, आणि घरच्यांना ते सगळ्यात शेवटी कळतं. थायरॉइड, डोक्याला मार, मेंदूतला ताप, फिट्सचा एखादा प्रकार, हेही तपासून बाजूला ठेवावं लागतं. पुढचं सगळं हे धरून वाचा. ज्या पेशंटांच्या गोष्टी सांगतोय त्यांचे तपशील बदललेले आहेत.

आता भक्ती आणि आजार. देव बोलतो असं कुणी म्हणालं की मी देवाबद्दल काही विचारत नाही. मी विचारतो, काल किती वाजता झोपलास? आणि उत्तर कसं येतं ते ऐकतो. "झोपच येत नाही हो, डोकं दुखतं" म्हणणारा वेगळा. "झोपेची गरजच राहिली नाही, डॉक्टर, दोन तासांत फ्रेश" असं चमकत्या डोळ्यांनी सांगणारा वेगळा. आपल्याकडे पहाटे तीनला उठून जप करणारे शेकडो लोक आहेत, पण ते रात्री नऊला झोपतात. तुमच्या भावाची झोप कमी झाली ती पोथीमुळे, की झोप उडाली म्हणून पोथी रात्रभर चालली? बहुतेक घरांत हा क्रम उलटा सांगितला जातो. नीट आठवून बघा, आधी काय सुरू झालं.

दुसरं, त्याच वाटेवरची माणसं काय म्हणतात? आमच्याकडे एक म्हातारबाबा पुतण्याला घेऊन आले होते, तासगावकडचे, गळ्यात माळ, कपाळाला बुक्का. पुतण्या म्हणत होता पांडुरंग आज्ञा करतो. बाबा त्याच्यासमोरच मला म्हणाले, "चाळीस वर्षं वारी करतोय. मला पांडुरंग कधी बोलला न्हाई. आन बोलला असता तर बायकोला हाण म्हनला नसता." पुस्तकात भ्रमाच्या व्याख्येत लिहिलेलं असतं की ती समजूत त्या माणसाच्या समाजात, धर्मात मान्य नसते. बाबांनी ते दोन वाक्यांत सांगितलं. म्हणून मी नेहमी विचारतो, याच्याबरोबर भजनाला बसणारे, पालखीला जाणारे काय म्हणतात? तेच जर म्हणत असतील की "हे काही आमच्यासारखं नाही", तर ते मत माझ्या मतापेक्षा वजनदार आहे.

तिसरं म्हणजे पकड. भक्त माणूस आपल्या देवाबद्दल विनोद करू शकतो, रुसू शकतो, "माझंच चुकलं असेल" म्हणू शकतो. आजारात समजूत माणसाला धरून बसते, तिथे हसू नसतं की शंका नसते. आणि चौथं अगदी साधं: तो जेवतो का, आंघोळ करतो का, कामावर जातो का, आईशी पूर्वीसारखा बोलतो का. विषय देवाचा आहे म्हणून मी आजार म्हणत नाही, आणि विषय देवाचा आहे म्हणून सोडूनही देत नाही. मोबाइल टॉवर आले तेव्हा टॉवरमधून कुणीतरी बोलतं म्हणणारे पेशंट येऊ लागले. मन घरात जे सापडेल ते उचलतं. तुमच्या घरात दत्त आहे.

हे मी माझ्या मनानं सांगत नाही, कायदाही तसाच आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये स्पष्ट म्हटलंय की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी कुणाचं जुळत नाही एवढ्यावरून त्याला मानसिक आजारी ठरवता येणार नाही. म्हणजे जास्त देवदेव करणाराही आपोआप पेशंट नाही, आणि घरातला एकटा नास्तिकही नाही. (दुसरी तक्रार घेऊन येणारे आईवडीलही भेटतात बरं का.)

अंगात येण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण आई ते मनात धरून असतीलच. मांढरदेवला पौष पौर्णिमेला गेलात तर हलगी वाजली की कितीतरी बायांच्या अंगात वारं येतं. वीस मिनिटांत उतरतं, बाई पदर सावरते, चहा पिते, एसटी पकडून घरी जाते. ती माझी पेशंट नाही. जेव्हा ते नको तिथे, नको तेव्हा यायला लागतं, चुलीपुढे, शेतात, दिवसातून चारदा, आणि नंतर ती बाई थकून पडते, तेव्हा मी बघतो. तेव्हासुद्धा घाई करत नाही. एका घरातली सून होती. अंगात देवी आली की सासू तिच्या पाया पडायची, नवरा दारू पिणार नाही म्हणून शपथ घ्यायचा. एरवी तिला कुणी "जेवलीस का" म्हणून विचारत नव्हतं. अशा बाईची देवी काढून घ्यायची तर आधी तिला बोलायला दुसरी जागा करून द्यावी लागते. आम्ही सहा महिने नवऱ्याच्या दारूवर काम केलं. देवीचं येणं मग आपोआप नवरात्रापुरतं राहिलं.

डॉक्टर लोक देव मानत नाहीत, ही आईंची शंका अगदीच निराधार नाही. फ्रॉइडने १९०७ मध्येच धार्मिक विधी आणि मंत्रचळ (नको तो विचार आणि तीच कृती परत परत करायला लावणारा आजार) यांची तुलना केली होती, आणि नंतर बरीच वर्षं आमच्या शास्त्रात धर्माकडे संशयानेच बघितलं गेलं. सूर बदलायला वेळ लागला. अमेरिकी निदानपुस्तिकेत १९९४ साली पहिल्यांदा 'धार्मिक किंवा आध्यात्मिक समस्या' अशी वेगळी नोंद आली, जिचा अर्थ असा की श्रद्धेबद्दलची घालमेल हा आजार असेलच असं नाही. २०१६ मध्ये जागतिक मानसोपचार संघटनेने सांगितलं की पेशंटची श्रद्धा काय आहे हे डॉक्टरांनी विचारलंच पाहिजे, आणि आपली श्रद्धा किंवा अश्रद्धा त्याच्यावर लादू नये.

मला हे त्याच्या बरंच आधी एका आईने शिकवलं, आणि त्याची किंमत तिच्या मुलाने मोजली. नवीन नवीन प्रॅक्टिस होती. मुलाच्या दंडावर ताईत, कपाळाला अंगारा. मी हसलो नाही, पण म्हणालो, "हे सगळं आधी बंद करा, मग गोळ्या लागू पडतील." शास्त्रीय दृष्टिकोन वगैरे. आईने माझ्यासमोर ताईत सोडला, पदरात बांधला, आणि परत आली नाही. चौदा महिन्यांनी आली तेव्हा मुलाच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे वळ होते, जुने काळे आणि नवे लाल. मधल्या काळात त्याला एका ठिकाणी बांधून ठेवलं होतं. ताईत तसाच ठेवून मी गोळी दिली असती तर ती पंधरा दिवसांनी आली असती. वेडेपणाचा हा आजार विनाउपचार जितका लांबतो तितका तो बरा व्हायला जड जातो. ते चौदा महिने त्याच्या आयुष्यातून गेले, माझ्या एका वाक्यामुळे. तेव्हापासून माझ्याकडे अंगारा पुसत नाहीत.

उलट मी पुजाऱ्यांची मदत घेतो. एक बाई यायच्या, घरात कडक सोवळं. त्यांना देवासमोर बसलं की देवाबद्दल घाणेरडे विचार यायचे. मग आंघोळ, परत पूजा, परत विचार, परत आंघोळ. दिवसात आठ-नऊ वेळा, जानेवारीतसुद्धा. वर्षभर त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना वाटायचं आपल्याएवढं पापी कुणी नाही. हा मंत्रचळ, ओसीडी. ज्याला देवाची चाड नाही त्याला असे विचार छळतच नाहीत. ज्याला जे पवित्र, नेमकं तिथेच हा आजार हात घालतो. औषध होतं, पण उपचाराचा अर्धा भाग म्हणजे विचार आला तरी आंघोळ न करता बसून राहणं, आणि त्याला त्या तयार नव्हत्या. मी त्यांच्या गुरुजींना बोलावलं. विचारलं, पूजेआधी आंघोळ किती वेळा? गुरुजी म्हणाले, "एकदा. आजारी माणसाला तीही माफ." बाई रडायला लागल्या. अडीच-तीन महिन्यांत औषधाचा गुण दिसला, पण सुरुवात त्या वाक्याने झाली.

म्हणून आईंना सांगा: औदुंबरला जरूर जा. मनाला आधार, घराबाहेरची चार माणसं, दिवसाला एक शिस्त, हे देवस्थान देतं आणि ते मी चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही. पण काही गोष्टींत माझं ऐका.

जागरण नको. हे सगळ्यात महत्त्वाचं. उन्मादाकडे झुकणाऱ्या माणसाला एक रात्र जागवणं म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल. किती घरांत बघितलंय, पोरगं जरा बिघडलं म्हणून जागरण-गोंधळ घातला आणि सकाळी त्याला आवरायला पाच माणसं लागली. दोष गोंधळ्यांचा नाही, झोपेचा आहे. विधी करायचाच असेल तर दिवसा करा, किंवा तो बरा झाल्यावर.

निर्जळी उपास नको. पुढे औषध म्हणून लिथियम सुरू झालं तर हे आणखी लक्षात ठेवायचं. लिथियम मीठासारखंच आहे. शरीरात पाणी आणि मीठ कमी झालं की ते रक्तात साठायला लागतं. त्याची पातळी साधारण ०.६ ते १.० च्या आत ठेवतात, वर गेलं की हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, चाल अडखळते, जीभ जड होते. माझे लिथियमवरचे पेशंट वारीला जातात, रोजेही ठेवतात. पण आधी भेटून, रक्त तपासून, डोसाची वेळ ठरवून. न विचारता नाही.

बांधणं, मारणं, मिरचीची धुरी अजिबात नको. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एर्वाडीला दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली आणि २८ मनोरुग्ण मेले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते, पळता आलं नाही. आज मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला कायद्याने बंदी आहे. आणि आपल्या राज्यात, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्याच्यासाठी आयुष्य घातलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, बांधून ठेवणं, धुरी देणं याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. आईंना हेही सांगा की त्याच कायद्यात प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन, उपासना यांना हात लावलेला नाही. तो देवाविरुद्ध नाही. मामांचे ११ हजार गेले ते गेले, पण पुढच्या 'उताऱ्या'चे पैसे मागायला लागला तर ठाम नाही म्हणा.

काही वेळा थांबायचंच नसतं. तो देवाने बोलावलंय, समाधी घ्यायचीय, कृष्णेत उतरायचंय असं म्हणत असेल तर ते अध्यात्म समजू नका, तो आत्महत्येचा धोका समजा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कानातला आवाज कुणाला मार म्हणत असेल, अन्नपाणी सोडलं असेल, ताप किंवा फिट असेल, तरीही तसंच. ताई, हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरात ओली बाळंतीण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अचानक असंबद्ध बोलायला लागली असेल, तर तिला झपाटलंय म्हणून एक दिवसही घालवू नका. आई आणि बाळ, दोघांचा जीव त्यात आहे. उपचार मिळाले तर त्या फार छान बऱ्या होतात.

भावाशी बोलायचं कसं? देव बोलतच नाही असा वाद घालू नका, हरलात तर हरलात आणि जिंकलात तर तो तुमच्याशी बोलायचा बंद होईल. हो हो, बोलतो, असंही म्हणू नका. खरं ते सांगा: "तुला ऐकू येतं हे मी मानते. मला ऐकू येत नाही. पण तुझे डोळे बघ, किती रात्री झोपला नाहीस. झोपेसाठी तरी दाखवू." झोप ही अशी गोष्ट आहे की तिच्यावर रुग्ण आणि घरचे बहुतेक वेळा सहमत होऊ शकतात. "आईला दाखवायचंय, तू चल नुसता" असं फसवून आणू नका, आणि चहातून गोळी देऊ नका. एकदा कळलं की तो घरचा चहासुद्धा पीत नाही, आणि विषप्रयोगाची शंका खरी ठरल्यासारखी होते.

आता आईंची भीती. गोळ्यांनी भक्ती जाते का? उन्माद असेल तर झोप बहुतेक काही दिवसांत येते, समजुतीची पकड सैल व्हायला आठवडे लागतात. आजाराआधी जी भक्ती होती ती राहते. पण एक गोष्ट लपवत नाही. काही मुलांना बरं होताना फार पोरकं वाटतं. एक जण मला म्हणाला होता, "गोळीनं देव गप्प केला, सर." दीड महिना साक्षात देव ज्याच्याशी बोलत होता त्याला परत साडेआठची शिफ्ट, मित्रांची टिंगल आणि उसनवारी. मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी म्हणालो, "तुला आठवण येते का?" तो तासभर बोलला. या टप्प्यावर उदासी येते आणि ती आपण "आता शांत झालाय" म्हणून सोडून देतो. तिच्यावर लक्ष ठेवा. तोच मुलगा नंतर दर गुरुवारी आरतीला जायला लागला. म्हणाला, आता फक्त मीच बोलतो. आणि खरंच सुस्ती आली, जपात मन लागेना, तर ते आमच्या डोसाचंही असू शकतं. डॉक्टरांना सांगा, बदलता येतं. स्वतःहून बंद मात्र करू नका.

कुठे जायचं? सांगली आणि मिरजेच्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. प्रवासाआधी कुणाशी बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतून. आणि "रत्नागिरीला पाठवतील" ही भीती आपल्याकडे प्रत्येक घरात असते, तर सांगतो: रत्नागिरीचं मनोरुग्णालय हे राज्यातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक, पण माझ्याकडच्या बहुतेकांचा उपचार घरी राहूनच होतो.

येताना गेल्या दोन आठवड्यांची झोप कागदावर लिहून आणा, कधी झोपला, कधी उठला. देवऋषीने काही खायला-प्यायला दिलं असेल तर ते काय होतं तेही. घराण्यात कुणाला असं झालं होतं का, आत्या, आजोबा, कुणीही, ते आईंना विचारून ठेवा. आणि आईंना बरोबर आणाच, अंगाऱ्याच्या पुडीसकट. गुरुवारी औदुंबरला जायचं ठरलंच असेल तर बुधवारी डॉक्टरांना दाखवा. रात्री तो झोपला तर दर्शनाच्या रांगेतही नीट उभा राहील.